मोटारीच्या दिव्यांची पारख

आमच्या भागात संत्र्यांच्या तोडीचा हंगाम सुरू झाला, की रात्रीच्या रस्त्यांना जाग येते. पांढुर्ण्याजवळून नागपूर-भोपाळचा महामार्ग जातो आणि सौसरमधून नागपूर-छिंदवाड्याचा. दिवसभर बागांतून तोडलेला माल सायंकाळी गाड्यांत भरला जातो व पहाटेच्या आत मंडईत पोचावा म्हणून रातोरात हलविला जातो. त्याच रस्त्यांवर बैलगाड्या असतात, सायकली असतात आणि जामसावळीच्या मारुतीच्या दर्शनाहून पायी परतणारी माणसेही असतात. ह्या सर्वांचा जीव मोटारीच्या दोन लहानशा दिव्यांवर अवलंबून असतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

गेल्या हंगामात आमच्या परिचयाच्या एका बागाईतदारांनी आपल्या मालवाहू गाडीत नवे बल्ब बसविले. खोक्यावर एका नामांकित कंपनीचे नाव होते, 'दीडशे टक्के अधिक उजेड' अशी ग्वाही होती आणि किंमत मात्र नेहमीच्या निम्मी होती. आठ दिवसांतच एका वळणावर समोरून येणारा सायकलस्वार रस्ता सोडून शेजारच्या नालीत गेला. बागाईतदारांनी गाडी थांबवून त्याला उचलले. गुडघा फुटला होता. त्याहून अधिक काही झाले नाही, हे दैव. तो एवढेच म्हणाला, "दादा, तुमच्या गाडीचा उजेड रस्त्यावर पडत नाही, माझ्या डोळ्यांत पडतो."

विद्यार्थी मित्रहो, त्या सायकलस्वाराचे हे एक वाक्य म्हणजे ह्या विषयावरील उत्तम भाष्य होय. दिव्याचा उजेड किती, ह्याइतकाच तो कोठे पडतो हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. पुढे त्या बागाईतदारांनी ती जोडी आमच्याकडे आणून दिली. तिची तपासणी करताना जे आम्हांस उमगले, ते ह्या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

दिव्याचे अंतरंग

आज बहुतेक जुन्या मोटारींत व मालगाड्यांत हॅलोजन बल्ब असतात. साध्या बल्बमध्ये टंगस्टनची तार तापून प्रकाश देते. परंतु तापलेल्या तारेतून टंगस्टनचे कण सतत उडत राहतात, ते काचेवर बसून काच काळवंडते व तार झिजत जाते. ह्यावर तोड म्हणून आतील वायूत आयोडीन किंवा ब्रोमीन ह्या हॅलोजन गटातील मूलद्रव्याचा अंश मिसळण्याची युक्ती निघाली. १९५९ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे एल्मर फ्रिड्रिक व एमेट वायली ह्यांना अशा दिव्याचे पेटंट मिळाले. उडालेले टंगस्टन हॅलोजनशी संयोग पावते, तापलेल्या भिंतीवर न चिकटता पुन्हा तारेकडे येते आणि तेथील प्रखर उष्णतेने संयुग फुटून टंगस्टन तारेवर परत बसते. मात्र ते नेमक्या झिजलेल्या जागीच बसेल असे नाही; म्हणून हा दिवाही कधीतरी जातोच.

हे चक्र चालावे म्हणून भिंत सुमारे २५० अंश सेल्सिअसच्या वर तापलेली राहावी लागते. साधी काच येथे टिकत नाही, म्हणून क्वार्ट्‌झ वापरतात. बल्ब बसविताना त्याला बोट लावू नये असे मेकॅनिक सांगतात, त्याचे कारणही हेच. घामातील क्षारांचा डाग त्या तापमानात क्वार्ट्‌झमध्ये भिनतो व तेथे तडा जाण्याचा संभव असतो.

मोटारीसाठी पहिला हॅलोजन बल्ब, एच-१, युरोपात १९६२ साली आला. १९७१ साली आलेल्या एच-४ ह्या बल्बने एकाच नळीत दोन तारा बसविल्या: एक दूरच्या उजेडाची व एक जवळच्या उजेडाची. आपले ड्रायव्हर ज्यांना 'अप्पर' आणि 'डिपर' म्हणतात, त्याच ह्या दोन तारा. डिपरच्या तारेखाली धातूची एक लहानशी वाटी असते. ती तारेचा खालच्या बाजूस जाणारा प्रकाश अडविते. त्यामुळे प्रकाश परावर्तकाच्या केवळ वरच्या अर्ध्या भागावर पडतो व तेथून खाली रस्त्याकडे वळतो. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांचे रक्षण ही इवलीशी वाटी करते. तार आपल्या जागेपासून मिलिमीटरच्या काही अंशाने जरी सरकली, तरी परावर्तकाचे सारे गणित बिघडते. हेडलाइटचा बल्ब ही वस्तू दिसावयास साधी असली, तरी करावयास अवघड आहे, ती ह्यामुळे. नकली माल करणारा नाव आणि खोके यांची नक्कल सहज करतो. त्याची नक्कल फसते ती ह्या सूक्ष्म मापात.

'अधिक उजेड' म्हणजे काय?

अधिक उजेड देणारे अस्सल बल्ब बाजारात नाहीत असे मुळीच नाही. फिलिप्सचा 'एक्स-ट्रीमव्हिजन', ओसरामचा 'नाइट ब्रेकर' हे त्या जातीचे. त्यांच्या खोक्यांवरही शंभर, दीडशे टक्क्यांचे आकडे असतात. मग हे आकडे खरे कसे आणि त्या स्वस्त जोडीचे खोटे कसे?

येथे थोडे गणित करावे लागेल. संयुक्त राष्ट्रांच्या ३७ क्रमांकाच्या नियमानुसार १२ व्होल्टच्या एच-४ बल्बचा एकूण प्रकाश १३.२ व्होल्टवर अप्परला १६५० ल्यूमेन व डिपरला १००० ल्यूमेन असावा लागतो आणि त्यात १५ टक्क्यांपेक्षा कमीअधिक चालत नाही. म्हणजे डिपरचा प्रकाश ८५० ते ११५० ल्यूमेन ह्या मर्यादेतच हवा. कोणताही कायदेशीर बल्ब एकूण प्रकाश दुप्पट करूच शकत नाही! मग 'दीडशे टक्के अधिक' ह्याचा अर्थ एवढाच, की झोताच्या काही ठराविक बिंदूंवर नियमाने मागितलेल्या किमान उजेडाच्या तुलनेने इतका अधिक उजेड तेथे पडतो. तार अधिक आखूड व दाट गुंडाळलेली, जागा अधिक अचूक आणि आतील वायूचा दाब अधिक, अशा उपायांनी तोच प्रकाश एकवटला जातो. 'पर्यंत' हा छोटासा शब्द खोक्यावर आकड्याशेजारी असतो. वाचकाने तो वगळू नये.

ह्या लाभाची किंमतही मोजावी लागते. तार जितकी अधिक तापते, तितकी ती लवकर झिजते. व्होल्टेज पाच टक्क्यांनी वाढविले, तर उजेड सुमारे १५ ते २० टक्क्यांनी वाढतो, पण आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते, असा ढोबळ नियम आहे. म्हणून अधिक उजेडाचे अस्सल बल्ब साध्या बल्बपेक्षा कमी तास टिकतात आणि प्रामाणिक कारखानदार ती गोष्ट लपवीत नाही. दुप्पट उजेड आणि दुप्पट आयुष्य, दोन्ही एकदम देऊ करणारा हॅलोजन बल्ब दिसला, तर पहिली शंका तेथेच घ्यावी.

निळ्या रंगाचा मोह

आमच्याकडे आलेल्या जोडीची काच संपूर्ण निळी होती आणि खोक्यावर '८००० केल्विन' असे छापले होते. दुसऱ्या कोणत्याही परीक्षेची गरज न राहावी इतका हा आकडा बोलका आहे. टंगस्टन सुमारे ३७०० केल्विनला वितळते. हॅलोजन बल्बची तार साधारण ३२०० केल्विनच्या आसपास तापलेली असते. जी तार ३७०० केल्विनला वितळून जाईल, ती ८००० केल्विनचा प्रकाश आपल्या तापाने कशी देणार?

उत्तर असे, की ती देतच नाही. काचेवरील निळा लेप तारेच्या प्रकाशातील तांबडा व पिवळा भाग गाळून टाकतो आणि उरलेला प्रकाश निळसर दिसतो. लेप काही देत नाही, तो केवळ काढून घेतो. अस्सल बल्बवरही कधी निळा पट्टा किंवा फिकट छटा असते. परंतु ती मोजून दिलेली असते व तारेसमोरचा मुख्य भाग बहुधा स्वच्छ ठेवलेला असतो. गडद निळ्या बल्बमुळे रस्ता अंधारतो आणि समोरच्याला मात्र तो प्रखर भासतो. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण जणू ह्याच वस्तूसाठी जन्मास आली आहे.

पारखीच्या कसोट्या

सोनार जसा एकाच खुणेवर विश्वासत नाही, तसेच ग्राहकानेही एकाच लक्षणावर निर्णय करू नये. पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली गोष्ट खोके. बांधीव मालावर उत्पादकाचे, बांधणी करणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव व पत्ता, महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे. आमच्या खोक्यावर पत्ता नव्हता, किंमत नव्हती आणि कंपनीच्या नावात एक अक्षर अधिक होते. घाईत वाचणाऱ्याला ते कळू नये, हाच त्यामागील हेतू.

दुसरी गोष्ट बल्बवरील अक्षरे. खोक्यावर नव्हे, तर खुद्द बल्बच्या बुडावर कारखानदाराचे नाव, 'एच-४' ही जात, '१२ व्होल्ट, ६०/५५ वॅट' हा आकडा आणि वर्तुळातील 'ई' ही मान्यतेची खूण व तिच्यासोबत क्रमांक असावा लागतो. 'ई'शेजारचा आकडा मान्यता देणारा देश सांगतो: १ जर्मनी, २ फ्रान्स, ४ नेदरलँड्‌स, ११ ब्रिटन. आपल्या देशात अशा बल्बसाठी एआयएस-०३४ हे मानक आहे. परंतु येथे एक तर्क ध्यानी ठेवावा. खूण नसेल, तर माल संशयास्पद, हे निश्चित. खूण असेल, तर माल अस्सलच, हे मात्र निश्चित नव्हे. जो नाव चोरतो, तो खूणही चोरू शकतो.

तिसरी गोष्ट कारागिरी. बल्ब उजेडाकडे धरून तार पाहावी. अस्सल बल्बमध्ये तिचे वेढे सारखे व रेघ सरळ असते. जोडीतील दोन्ही बल्ब जुळ्या भावांसारखे दिसतात. आमच्या जोडीत एकाची डिपरची तार वाटीवर तिरपी बसली होती आणि दुसऱ्याची वाटीच किंचित हलत होती. सायकलस्वाराच्या डोळ्यांत गेलेला उजेड ह्या तिरप्या तारेचा होता. त्याखेरीज अस्सल बल्बचे क्वार्ट्‌झ बहुधा अतिनील किरण अडविणारे असते. निकृष्ट बल्बमध्ये ही सोय नसल्यास हेडलाइटची प्लॅस्टिकची काच हळूहळू पिवळी पडत जाते. म्हणजे स्वस्त बल्ब महाग हेडलाइट खाऊन टाकतो.

चौथी गोष्ट विजेचे माप. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर, हे आपण वर्गात शिकतोच. ५५ वॅटचा बल्ब चालू गाडीत साधारण साडेचार ते सव्वापाच अँपिअर प्रवाह घेतो. एकाच विद्युतदाबाखाली दोन बल्बांचे आकडे बरेच वेगळे आले, तर खोक्यावरचा मजकूर खोटा समजावा. मात्र विद्यार्थ्यांनी एक चूक टाळावी. पेटलेल्या ५५ वॅटच्या तारेचा रोध सुमारे २.६ ओहम असतो; म्हणून थंड बल्बला मीटर लावून तेवढाच रोध शोधू नये. टंगस्टन थंड असता त्याचा रोध ह्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. पुष्कळांनी ह्यामुळे चांगला बल्ब खोटा ठरविला आहे.

भिंतीवरील प्रयोग

सर्वांत सोपी व सर्वांत विश्वसनीय परीक्षा भिंतीवर होते. गाडी सपाट जागी, भिंतीपासून आठ मीटरांवर उभी करावी. एका हेडलाइटमध्ये खात्रीचा बल्ब व दुसऱ्यात संशयित बल्ब बसवून डिपर लावावा आणि एकेक दिवा आळीपाळीने कापडाने झाकून पाहावे. आपण डावीकडून गाडी चालवितो, म्हणून योग्य झोताची वरची कड उजव्या बाजूस आडवी व डाव्या बाजूस किंचित वर चढलेली दिसते. कडेच्या खाली उजेड, वर अंधार. आमच्या विद्यार्थ्यांनी ही कड खडूने आखली. खात्रीच्या बल्बची रेघ एका दमात आखता आली. दुसऱ्या बल्बची रेघ कोठे आखावी, ह्यावर मुलांत वाद झाला, कारण तेथे कडच नव्हती. सारी भिंत छतापर्यंत निळसर धुरकट दिसत होती.

आठ मीटर हे अंतर आम्ही सहज निवडलेले नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, ह्यांतील १०६ वा नियम सांगतो, की दिव्याचा झोत असा खाली वळविलेला असावा, की दिव्यासमोर आठ मीटरांवर, त्याच्या उजवीकडे अर्ध्या मीटरावर व दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपविणार नाही. हे कलम वाचताना आम्हांस वाटले, की ही मापे समोरून येणाऱ्या कोणा माणसालाच उभे करून घेतली असावीत. दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस म्हणजे तुम्ही, आम्ही आणि तो सायकलस्वार.

दोष नेहमी बल्बचाच असतो काय?

नाही. न्याय दोन्ही बाजूंनी करावा. कित्येकदा जुन्या वायरी, गंजलेले होल्डर व सैल जोड ह्यांमुळे बल्बपर्यंत पुरता विद्युतदाब पोचतच नाही. १३.२ व्होल्टऐवजी ११ व्होल्ट मिळाले, तर उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. अशा गाडीत महागातला महाग बल्बही मंदच पेटेल. काच पिवळी पडलेली असेल वा परावर्तकाचा मुलामा उडाला असेल, तरी तेच. म्हणून नवा बल्ब घेण्यापूर्वी होल्डरवरचा विद्युतदाब मोजावा, जोड साफ करावेत व काच पुसावी. ह्या उपायांना फारसा खर्च येत नाही.

उजेड कमी वाटतो म्हणून ५५ ऐवजी १०० वॅटचा बल्ब बसविण्याची चाल आपल्याकडे आहे. ६० वॅटला पाच अँपिअर, तर १०० वॅटला सव्वाआठहून अधिक प्रवाह लागतो. वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ती पावणेतीन पटींहून अधिक होते. होल्डर वितळणे, वायरीचे आवरण जळणे हे त्याचे परिणाम. संत्र्यांच्या खाली कोरडे गवत अंथरून निघालेल्या गाडीत हे केवढे संकट आहे, ते सांगावयास नको.

अलीकडे हॅलोजनच्या जागी बसणारे एलईडी बल्बही फार विकले जातात. एलईडी मुळात वाईट नाही. जी गाडी एलईडीसाठीच घडविली आहे, तीत ते उत्तम काम करते. परंतु तारेसाठी घडविलेल्या परावर्तकात प्रकाशाचा उगम दुसऱ्याच जागी व दुसऱ्याच आकाराचा आला, की झोत विस्कटतो. जर्मनीत २०२० साली अशा बल्बांना प्रथम परवानगी मिळाली, तीही तपासलेल्या ठराविक गाड्यांपुरती. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८, ह्याचे ५२ वे कलम कारखानदाराने ठरविलेल्या रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही, हेही ध्यानी असावे.

ग्राहकाचे कर्तव्य

खोटे व्यापारचिन्ह लावणे व असा माल विकणे हा व्यापारचिन्ह कायदा, १९९९, ह्याखाली गुन्हा आहे. त्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, ह्यानेही बनावट माल विकणाऱ्यास शिक्षा ठेविली आहे. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे. परंतु तक्रार करावयास पावती लागते, आणि आपण पावती मागावयास लाजतो! 'बिल हवे की बिनबिलाचे?' असा प्रश्न दुकानात ऐकू आला, तर उत्तर ठरलेले असावे. बल्ब बिलावरच घ्यावा, खोके जपून ठेवावे आणि शक्य तो अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा. दुकानदारही पुष्कळदा स्वतः फसलेला असतो. त्याला नम्रपणे दाखवून दिले, तर तो पुढचा माल पारखून घेतो.

त्या बागाईतदारांनी पुढे खात्रीचे, साधे ६०/५५ वॅटचे बल्ब बसविले; अधिक उजेडाचेही नव्हेत. होल्डर साफ केले व झोत भिंतीवर नीट जुळवून घेतला. आता उजेड पूर्वीपेक्षा बरा पडतो, असे ते सांगतात. ती नकली जोडी आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. नव्या वर्गाला प्रकाशाचे परावर्तन शिकविताना आम्ही ती बाहेर काढतो व तिरप्या तारेकडे बोट दाखवितो.

मित्रहो, आपल्यापैकी कित्येकजण उद्या गाडी चालवतील, कित्येकजण गॅरेजात काम करतील, कोणी दुकान मांडतील. त्या वेळी एवढे स्मरणात असू द्यावे, की रस्त्यावर दोन माणसे एकमेकांसमोर येतात, तेव्हा दोघांनाही दिसणे आवश्यक असते. ज्या दिव्याने एकालाच दिसते, तो दिवा अर्धाच पेटलेला आहे.